तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या संशयावर फोन करायचा का?

कुर्ला टर्मिनस, कल्याण, वांद्रे इथल्या रिक्षा-टॅक्सी स्टँडवर मी माणसांच्या तस्करीविषयी बोलायला जाते. बोलणं संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, नुसत्या संशयावर फोन कसा करायचा? चुकीचं निघालं तर?" हा प्रश्न भित्रेपणातून येत नाही. तो विचारायलाच हवा.

कारण चुकीचं निघतं. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवून घेतली गेली. ती मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा लागला, ते तुरुंगात गेले, आणि पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. राईनपाड्याचं तर त्याहून भयंकर. धुळे जिल्ह्यातल्या या पाड्यावर १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं: आरडाओरडा करू नका, कुणाला अडवू नका, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका.

मग संशय कशावरून घ्यायचा? भाषा वेगळी, कपडे मळके, सोबत चार पोरं, यावरून नाही. निम्मी मुंबई अशीच गाडीतून उतरली आहे. एकाच वयाची पाच-सहा मुलं आहेत पण भावंडं नाहीत, कुठे जायचंय ते एकालाही सांगता येत नाही, सगळ्यांची आधार कार्डं एकाच माणसाच्या खिशात, मुलाला काही विचारलं की उत्तर तोच देतो, वाटेत फोन येतो आणि पत्ता बदलतो. किंवा मुलगी वीस-बावीसची आहे, पण तिचा मोबाइल दुसऱ्याकडे आणि नोकरी कुणाकडे लागलीये हे तिला ठाऊक नाही. यातली एखादी गोष्ट कुठल्याही घरच्या प्रवासात दिसेल. तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र फोन करा.

"पण ती स्वतःच्या मर्जीने आलीये ना," असंही ऐकते. बऱ्याचदा येतातच. घरी उचल पोचलेली असते, जरीकामाचं नाहीतर बॅगा शिवायचं काम आहे असं सांगितलेलं असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ इथे स्पष्ट आहे: फसवून, धाक घालून किंवा पैशांची लालूच दाखवून शोषणासाठी माणूस आणला असेल, तर त्याची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही.

मुलांसाठी नंबर १०९८. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. रेल्वेत १३९, बाकी कुठेही ११२. फोनवर "तस्करी चाललीये" म्हणू नका. डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच सांगा: किती जण, साधारण वयं, कुठून बसले, कुठे चाललेत, काय बोलत होते. ठरवायचं काम पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं. त्यांनीही ते घाईने केलं तर काय होतं ते वर आलंच, म्हणून तुमची माहिती जितकी नेमकी, तितकी निरपराध माणूस अडकायची भीती कमी.

"सवारी उतरून गेली, आता फोन करून काय उपयोग?" असं गोवंडीच्या एका रिक्षावाल्या दादांनी विचारलं होतं. मला तर हा फोन सगळ्यांत मोलाचा वाटतो. टीसीला डबा माहीत असतो, हमालाला फलाट. तुम्हाला मुक्काम माहीत असतो: कुठली गल्ली, कुठल्या कारखान्याचा जिना, दार कुणी उघडलं. रात्री गाडी लावल्यावर आठवलं तरी तेव्हा करा. स्वतःचं नाव सांगायचं नसेल तर तसं आधीच सांगा, आणि मग पत्ता सांगा.