टाळ काय सामान आहे व्हय?

पालख्या पुण्यात यायच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या दुकानातली गर्दी बदलते. एरवी ट्रेकला जाणारी कॉलेजची मुलं येतात. ज्येष्ठात मात्र रेनकोट, बॅटऱ्या, पाण्याच्या बाटल्या घ्यायला वारकरी येतात, नाहीतर त्यांच्या घरची माणसं.

त्या दिवशी सकाळी तिशीतला एक मुलगा आला. मोबाइलवरचा फोटो दाखवत म्हणाला, "ताई, अशी घडीची सॅक हवीय. मुठीत मावणारी. सगळ्यात हलकी असेल ती द्या. आईला वारीसाठी भेट द्यायचीय."

आईची ही सातवी वारी होती. आजवर त्या एका खांद्याला कापडी पिशवी अडकवून चालायच्या. यंदा डावा खांदा धरला होता, म्हणून दोन्ही खांद्यांवर ओझं वाटलं जाईल असं काहीतरी मुलाला हवं होतं. विचार अगदी बरोबर होता. दिंडीचं जड सामान ट्रकमधून जातं. दिवसभर लागतं तेवढंच जवळ ठेवायचं. घडीची सॅक त्याला उत्तम. भिजली तर झटकन वाळते, मुक्कामाला घडी करून कुठेही ठेवता येते.

मी दोन सॅक काढल्या. एक पंच्याहत्तर ग्रॅमची, वीस डेनिअर कापडाची. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धाग्याचं नऊ किलोमीटर लांबीचं रीळ आणि वजन फक्त वीस ग्रॅम, इतका तो बारीक. दुसरी सत्तर डेनिअरची, दोनशे दहा ग्रॅम. मुलाने पहिली उचलली, हातावर तोलली आणि त्याचा चेहरा फुलला. हलकेपणा हातात धरला की मोह पडतोच.

दुकानात यायच्या आधी मी सात वर्षं बॅगा शिवायच्या कारखान्यात मशीनवर होते. त्यामुळे सॅक हातात आली की मी आधी ती उलटी करते. खांद्याचा पट्टा अंगाला जोडतात तिथे सगळा ताण येतो. त्या जागी नुसती एक सरळ शिलाई आहे, की आडवे दाट टाके घालून पक्कं केलंय, हे बघावं लागतं. पातळ कापडात टाके धरतात, पण कापडच टाक्यांच्या रेषेवर फाटतं. दोन वर्षांपूर्वी मी एका काकांना अशीच सगळ्यात हलकी सॅक दिली होती, न विचारता. प्रवासातून परतल्यावर ते सॅक घेऊन आले, पट्टा मुळापासून सुटलेला. ते रागावले नाहीत, पण आत काय भरणार हे मी विचारायला हवं होतं, ही बोच मला राहिली. तेव्हापासून मी विचारते.

"आई रोज जवळ काय काय ठेवतात?"

त्याला नक्की सांगता येईना. त्याने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आजींनी भराभर सांगितलं: पाण्याची बाटली, पावसाचं मेणकापड, गोळ्या, हरिपाठाची पोथी, टॉवेल, एक जास्तीचं लुगडं, थोडे शेंगदाणे-गूळ. मी दुकानातल्या वस्तू तेवढ्याच मापाच्या भरून सॅक ताणकाट्याला लावली. पावणेतीन किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तिथेच एक तृतीयांशाहून जास्त वजन होतं. पावणेतीन किलो हलकी सॅक पेलेल, असं मलाही वाटलं. मी ती बाजूला ठेवली. मुलगा म्हणाला, "संध्याकाळी ऑफिसातून येताना नेतो."

संध्याकाळी तो आला तो आईला घेऊनच. आजी ठेंगण्या, काटक. खांद्याला तीच कापडी पिशवी. मी सॅक पुढे केली. त्यांनी आपलं सामान एकेक करून भरलं आणि शेवटी पिशवीच्या तळातून टाळांची जोडी काढून वरून ठेवली.

"आजी, हे सकाळी नाही सांगितलंत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "टाळ काय सामान आहे व्हय, पोरी?"

चालताना टाळ गळ्यात असतात, हातात वाजत असतात. पण विसाव्याला, जेवताना, पाऊस झोडपायला लागला की ते आत जातात. मी हातात घेतले. पितळेचे, जड, वापरून वापरून कडा पातळ झालेल्या. तसली कड वीस डेनिअरच्या कापडावर दर पावलाला घासणार. आळंदीपासून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पुण्याहून सासवडचा एकच टप्पा तीस किलोमीटरच्या घरातला, त्यात दिवेघाटाची चढण. सॅक पंढरपूरपर्यंत टिकली नसती.

मी हलकी सॅक परत फळीवर ठेवली आणि दुसरी उघडली. एकशे पस्तीस ग्रॅम जास्त, म्हणजे एका छोट्या संत्र्याएवढं वजन. पण कापड घट्ट, पट्टे रुंद आणि आतून जाळीचे, छातीवर जोडपट्टी. ती जोडपट्टी लावल्यावर पट्टे खांद्यावरून घसरेनात आणि पदर खाली अडकून ओढला जाईना. साडी नेसणारीच्या पाठीवर सॅक बसते कशी, हे शिवणाऱ्याने बहुधा कधी बघितलेलं नसतं; माझ्या मते ते बघायलाच हवं.

अशा सॅकला पाठीशी गादी नसते. म्हणून टॉवेल घडी करून पाठीच्या बाजूला सरकवला, म्हणजे बाटली आणि टाळ टोचणार नाहीत. टाळांना जाड कापडाची छोटी थैली मी तिथेच मशीनवर शिवून दिली. सॅकचं कापड पाणी अडवतं, पण शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत येतंच. मुलाला ते खरं वाटेना, म्हणून मी ग्लासभर पाणी ओतून दाखवलं. शिलाईवरून आतल्या बाजूला थेंब उमटले. पोथी आणि गोळ्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी आत घातली.

आजींनी चेन ओढून पाहिली. रनरचा तो बारीक पत्रा त्यांच्या सुजलेल्या बोटांच्या चिमटीत येईना. दोनदा सुटला. मी दोन्ही रनरना बोटभर लांब जाड दोरी ओवून गाठ मारली. या वेळी चेन एका ओढीत उघडली. त्यांनी ती चार-पाच वेळा उघडली, मिटली.

मग सॅक पाठीवर घेऊन त्या दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत चालल्या, पुन्हा मागे गेल्या. डावा खांदा त्यांनी हळूच फिरवून बघितला.

"दुखतंय का आई?" मुलाने विचारलं.

"न्हाई. अंगालाच बसलंय की."

मुलाने पैसे दिले. सकाळी त्याने सांगितलं होतं म्हणून मी चमकीचा कागद कापून ठेवला होता. तो उचलला तशा आजी म्हणाल्या, "राहू दे माउली. आत टाळ हायेत." आणि सॅक पाठीवर तशीच ठेवून पायऱ्या उतरल्या.