तिकडच्या बायांचे इकडे काय?

"मॅडम, त्या बाया तिकडच्या, त्याईचं आपल्याले काय करा लागते?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, बचत गटाच्या बैठकीत मी इराणच्या किंवा सौदी अरेबियाच्या तुरुंगात असलेल्या एखाद्या बाईविषयी बोलू लागले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांच्या मनात आकस नसतो. दिवसभर कापूस वेचून आलेल्या आणि घरी जाऊन अजून स्वयंपाकाला लागायचे असलेल्या बाईने असे विचारणे रास्तच आहे. बैठकीत पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर उत्तर देते.

सुरुवात अकोल्यापासून करते, कारण आमच्या गावच्या कितीतरी लेकी तिकडे दिल्या आहेत आणि तिथला तुरुंग कुणाला परका वाटू नये. १९७२ साली महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन मुंबईच्या बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. मृणालताईंनी गोरेगावच्या वस्त्यांचा पाण्याचा प्रश्न असा लावून धरला होता की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि पुढे या दोघींनाही तुरुंगात जावे लागले. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करत होत्या. पकडल्या गेल्यावर त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकांतवासात ठेवण्यात आले, जवळच्या कोठड्यांमध्ये एक कुष्ठरोगी कैदी आणि एक मनोरुग्ण स्त्री होती. पाणी आणि धान्याचा भाव यांवर बोलणाऱ्या बाईला सरकारने असे वागवले, तेही आपल्याच राज्यात.

सौदी अरेबियाची हकिकत सांगितली की बाया जास्त गोंधळात पडतात. तिथे बायांना गाडी चालवायला बंदी होती. नोव्हेंबर १९९० मध्ये रियाधमध्ये ४७ बायांनी मिळून गाड्या चालवल्या, तेव्हा त्यांचे पासपोर्ट काढून घेण्यात आले आणि अनेकींच्या नोकऱ्या गेल्या. २०१४ मध्ये लुजैन अल-हथलूल ही तरुणी शेजारच्या अमिरातीतून स्वतः गाडी चालवत सीमेवर आली, तर तिला ७३ दिवस डांबून ठेवले. पुढे २४ जून २०१८ रोजी सरकारने ही बंदी उठवली. आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे महिन्यात, लुजैनला व या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आलेल्या इतर बायांना अटक झाली. कोठडीत विजेचे झटके दिले, मारहाण केली, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. सरकारने ते नाकारले. दहशतवादविरोधी कायद्याखाली तिला पाच वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातली काही शिक्षा स्थगित असल्यामुळे ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली, पण देशाबाहेर जायची बंदी मात्र कायम राहिली.

परवानगी द्यायचीच होती तर धरले कशाला, असे आमच्या बाया विचारतात. माझ्या मते सगळे मर्म याच प्रश्नात आहे. ती परवानगी राजाच्या मर्जीने मिळाली असे दिसायला हवे होते. बायांनी इतकी वर्षे मागून, भांडून ती मिळवली असे लोकांच्या मनात ठसले असते, तर त्याच बाया उद्या पुरुषाच्या पालकत्वाचा कायदा, म्हणजे बाईच्या मोठ्या निर्णयांना घरच्या पुरुषाची परवानगी लावणारा कायदा, बदलून मागतील आणि परवा पुरुषही काहीतरी मागू लागतील, ही भीती होती. म्हणून मागणी मान्य झाली आणि मागणाऱ्या आत गेल्या. दडपशाही करणाऱ्या सरकारला एखादी सवलत देणे फारसे जड जात नाही. बायांनी एकत्र बसून हक्काने मागायची सवय लावून घेणे मात्र त्याला सोसत नाही.

इराणमध्ये या सवयीची किंमत अख्खे कुटुंब मोजते. नसरीन सोतुदेह या वकील. सक्तीच्या हिजाबाविरुद्ध डोक्यावरचा रुमाल काढणाऱ्या बायांचे खटले त्या चालवत. २०१८ मध्ये त्यांना पकडले आणि २०१९ मध्ये एकूण ३८ वर्षांची कैद आणि १४८ फटके सुनावण्यात आले. त्याआधीच्या तुरुंगवासात, २०१२ मध्ये, त्यांच्या शाळकरी मुलीवर परदेश प्रवासाची बंदी घातली होती. ती उठावी म्हणून या बाईने ४९ दिवस उपोषण केले. बंदी उठल्यावरच त्यांनी ते सोडले. नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. तोवर त्यांना १३ वेळा अटक झाली होती. पुरस्कार घ्यायला ओस्लोला त्यांची १७ वर्षांची जुळी मुले गेली, अली आणि कियाना, आणि आईचे भाषण त्यांनीच वाचून दाखवले. मुलांनी आईला त्याआधी कित्येक वर्षे पाहिलेले नव्हते.

हे सांगत असताना बैठकीत कुणी बोलत नाही, कारण घरच्यांच्या नावाने घातलेली भीती आमच्या गावानेही पाहिली आहे. अवैध दारूच्या तक्रारीसाठी आम्ही बाया एकदा पोलीस स्टेशनला गेलो. तिथे आम्हाला बराच वेळ अंगणात बसवून ठेवले आणि मग एक रजिस्टर पुढे करून प्रत्येकीचे नाव, नवऱ्याचे नाव आणि मुले काय करतात ते लिहायला सांगितले. दारू कुठे विकली जाते, हे मात्र कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघर एकच बोलणे सुरू झाले: आईचे नाव केसमध्ये आले तर पोराच्या पोलीस भरतीचे काय, चारित्र्य पडताळणीत अडकला तर काय? आईवरच्या गुन्ह्याने मुलाची पडताळणी अडत नाही, हे मी किती समजावले तरी पुढच्या खेपेला निम्म्या बाया आल्या नाहीत. आमच्यावर आले ते त्या तुरुंगांच्या पासंगालाही पुरणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण बाईला गप्प करायचे तर तिच्या लेकरांपासून सुरुवात करायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

आता उलटी बाजू. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस स्टेशनात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला; ते मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० च्या महिला दिनी अनेक शहरांत बाया मोर्चे घेऊन निघाल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि माझी संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात न्यायालयाने ते मानून चालावे, अशी तरतूद झाली. त्या पत्राला आणि त्या मोर्चांना इराणसारखे उत्तर मिळाले असते, तर आज पोलीस स्टेशनची पायरी चढणाऱ्या आमच्या बाईच्या पाठीशी हा कायदा नसता.

अलीकडे मूळ प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येऊ लागला आहे: आपल्याला धरले तर? त्याचेही उत्तर मी देते. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. अटकेचे कारण सांगावे लागते, घरच्यांना कळवावे लागते, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. हे सांगून झाले की मी पुन्हा अकोल्यावर येते. आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली माणसाला कारण न सांगता, खटला न चालवता आत ठेवता येत असे, आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्कही नाकारला होता. म्हणून लुजैन, नसरीन, नर्गिस आणि मृणालताई यांची नावे मी एकाच बैठकीत, अटकेच्या नियमांसोबतच घेते.