आजेसासऱ्यांचं अंजीर

आमच्या अंगणात दर नोव्हेंबरला एक दफनविधी होतो. अंजिराच्या झाडाचा.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, सोनोरीच्या बाजूचं. तिथं अंजिराचे एवढे लाड कुणी करत नाही. खट्टा बहार आणि मीठा बहार हे दोन हंगाम, पहाटे तोडणी, पाट्या भरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे टेम्पो, संपलं. त्यामुळे लग्न होऊन न्यू जर्सीत आले आणि पहिल्याच थंडीत नवरा अंगणात माणसाएवढा आडवा खड्डा खणताना दिसला, तेव्हा पोटात गोळाच आला. फांद्या दोरीने आवळलेल्या. त्याने एका बाजूची मुळं फावड्याने तोडली, खोड हळूहळू वाकवून खड्ड्यात निजवलं आणि वर फळ्या, वाळका पाला, माती घातली. "नोनो असंच करायचे," एवढाच खुलासा. इथल्या थंडीत झाड मरू नये म्हणून.

नोनो म्हणजे त्याचे आजोबा. नात्याने माझे आजेसासरे. मी त्यांना पाहिलं नाही, झाडाला मात्र पाहतेय.

ते कालाब्रियाचे. इटलीच्या बुटाचा चवडा म्हणतात तो भाग. १९२१ साली, सोळाव्या वर्षी, नेपल्सहून बोटीने आले. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर तपासणी झाली आणि तिथून ते थेट न्यू जर्सीतल्या पॅटरसनला, रेशीम रंगवायच्या कारखान्यात. हातांचा रंग त्या आठवड्याच्या मागणीप्रमाणे असायचा म्हणे, कधी निळा, कधी किरमिजी. मागून धाकट्या भावाला बोलवायचं ठरलं होतं. पण १९२४चा कायदा आला आणि इटलीहून येणाऱ्यांची संख्या वर्षाला चार हजारांच्याही आत बांधली गेली. भाऊ तिकडेच राहिला. पुढची कितीतरी वर्षं पत्रांतून दोघं एकमेकांना पिकाची खबर देत होते, असं सासूबाई सांगतात.

झाडाची काडी त्यांनी कोटाच्या अस्तरात लपवून आणली, ही घरची लाडकी गोष्ट. इथल्या प्रत्येक इटालियन घरात हीच गोष्ट, हाच कोट! जावा हसतात. मी हसत नाही. ओल्या फडक्यातली अंजिराची काडी दोन-तीन आठवडे तग धरते, हे मला कुणी सांगायला नको.

दारूबंदीच्या काळात कॅलिफोर्नियाची द्राक्षं आगगाडीने यायची आणि घरापुरती वाइन तळघरात व्हायची. त्याला कायद्याची फार आडकाठी नव्हती. १९४२ मात्र वाईट गेलं. महायुद्धात इटली अमेरिकेच्या विरुद्ध बाजूला होती. नोनोंचे नागरिकत्वाचे कागद करायचे राहून गेले होते (कंटाळा, दुसरं काय), त्यामुळे सुमारे सहा लाख इटालियनांबरोबर तेही 'शत्रुदेशाचे' ठरले. फोटो आणि बोटाचा ठसा असलेलं गुलाबी पुस्तक खिशात बाळगायचं. घरातला रेडिओही गेला. ऑक्टोबरात, कोलंबस दिनाला, सरकारने तो शिक्का पुसला. नोव्हेंबरात नोनोंनी नेहमीप्रमाणे झाड पुरलं.

म्हातारपणी एकदाच ते गावी जाऊन आले. तिथे पुतण्याला विचारलं, "बकाउसा कुठाय?" कुणाला कळेना. बकाउसा म्हणजे 'बॅक हाउस', घरामागचा संडास. चाळीस वर्षं अस्सल इटालियन समजून वापरलेला शब्द! मला ही गोष्ट आवडते आणि जरा टोचतेही. परवा मीच आईला फोनवर म्हणाले, "थांब, गार्बेज काढून येते."

माझे दादा, म्हणजे वडील, एकदा सहा महिने राहायला आले होते. ऑगस्टमध्ये पहिलं अंजीर खाऊन म्हणाले, "बरंय. आपल्यापेक्षा कमी गोड." नोव्हेंबरात दफन बघायला खुर्ची टाकून बसले. जावई मुळं तोडायला लागला, तेव्हा मात्र न राहवून उठले आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. वाकवताना एकाने शेंडा धरला, दुसऱ्याने बुंधा, आणि दोघंही झाडालाच समजावत होते, एक मराठीत, एक इंग्रजीत.

परतीच्या आदल्या रात्री मी त्यांची बॅग भरत होते. स्वेटरच्या बाहीत काहीतरी ओलं लागलं. फडक्यात गुंडाळलेल्या तीन काड्या. विमानतळावर भानगड नको म्हणून मी त्या काढून घेतल्या. दादा काही बोलले नाहीत. सोनोरीला पोचल्यावर फोन आला, तेव्हा म्हणाले, "दोनच काढल्यास की गं तू."

मी तीन काढल्या होत्या. नक्की तीन.