दुसऱ्यांदा पोट उघडलं त्याची गोष्ट

माझ्या पोटावर बरगडीखाली उजवीकडे एक आडवा वण आहे. 2014 मध्ये तिथे एकदा उघडलं आणि 2021 मध्ये त्याच रेषेवर पुन्हा. बायको त्याला 'डेपोचा रस्ता' म्हणते. मी ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर होतो, आमच्या डेपोसमोरचा रस्ता असाच खोदला जायचा.

पहिल्या वेळी वर्षभर मी ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी सोनोग्राफीत लिव्हरला नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली. हायडॅटिड सिस्ट, म्हणजे जंताची पाण्याने भरलेली पिशवी. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कुत्री, मेंढरं होती का?" मी माण तालुक्यातला. मोत्याच्या पाठीवर हात फिरवायचा आणि त्याच हाताने भाकरी मोडायची. कुत्र्याच्या विष्ठेतून या जंताची अंडी बाहेर पडतात, हाताला लागून पोटात जातात आणि रक्तावाटे लिव्हरमध्ये जाऊन बसतात. पिशवी इतकी सावकाश वाढते की, माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

बायकोने लगेच विचारलं, "मटणातून झालं का?" नाही. मेंढराच्या काळजातल्या, म्हणजे लिव्हरमधल्या, पाण्याच्या फोडांतून जंत कुत्र्याला होतो, आपल्याला होतो तो कुत्र्याकडून. आमच्याकडे जत्रेत बोकड कापला की फोड आलेलं काळीज मोत्यालाच टाकायचे. लाड म्हणून.

ऑपरेशनमधली धास्ती त्या पाण्याचीच. ते पोटात सांडलं तर जागच्या जागी ब्लड प्रेशर कोसळू शकतं, आणि त्यात जंताची बारीक डोकी असतात, त्यातल्या एकेकाची पुढे नवी पिशवी होऊ शकते. म्हणून भोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या रचतात, मग पाणी ओढून घेतात आणि आतली पांढरी साल काढतात. अंड्याच्या कवचाखाली पापुद्रा असतो ना, तशी. त्यात सोललेल्या द्राक्षांसारख्या पिल्लं-पिशव्या होत्या. मुलाला फोटो दाखवला, त्याने त्या मोसमात द्राक्षं खाल्ली नाहीत. बाहेरचं कवच आपल्याच शरीराने बनवलेलं असतं, ते माझं बरंचसं आत राहू दिलं आणि त्या खड्ड्यात पोटातल्या चरबीचा पदर भरला. पोटाला लावलेल्या नळीतून तीन आठवडे पिवळं पित्त बाटलीत येत होतं. बाटली हातात धरून किसननगरच्या चाळीचा जिना चढलो, शेजारी विचारत, "मास्तर, उसाचा रस?"

जंतावरची गोळी अल्बेंडाझोल 28 दिवस, मग 14 दिवस सुट्टी, की पुन्हा 28 दिवस. मधे मधे रक्त तपासायचं. ही गोळी तेलातुपाच्या जेवणाबरोबर अंगी लागते. हिने भक्तिभावाने माझं तेल बंद केलं होतं, ते ऐकून तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलं होतं. तीन केल्या, तिन्ही साफ. मग म्हटलं, दुखत नाही तर कशाला? चूक माझीच. 2021 मध्ये लघवीच्या तक्रारीसाठी पोट तपासलं, तर लिव्हरमध्ये दोन गाठी सापडल्या. मोठी साडेसहा सेंटिमीटरची. दुखत मात्र काहीच नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण डॉक्टर म्हणाले, "तो ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतो, मला चित्रच बघू द्या." आधी नेमकं काय काढलं, काय ठेवलं, हे त्यांना हवं होतं. आणि ती फाइल मी लोकमान्यनगरला घर बदलताना रद्दीत दिलेली! जुन्या हॉस्पिटलनेही हात वर केले.

दुसऱ्या वेळी सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, सोडवण्यातच तास गेले. या खेपेला दोन्ही पिशव्या कवचासकट काढल्या. पाणी तेव्हा सांडलं होतं की एखादं पिल्लू कवचात राहून गेलं, हे आता कोण सांगणार.

परवा रविवारी खाटकाकडे उभा होतो. त्याने फोड आलेला काळजाचा तुकडा बाजूला काढला, दारातली कुत्री उठून उभी राहिली. मी म्हटलं, "त्यांना नको टाकू." तो हसला, "मास्तर, तुम्हाला हवाय का?"

शर्ट वर करून दाखवला. मग त्याने तो पिशवीत घालून गाठ मारली.