बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त

२०२४ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा तेच झालं, गर्भपात. आठवा आठवडा, आणि बाळाचे ठोके नाहीत. त्याआधीची दोन्ही वेळ सहा-सात आठवड्यांतच संपली होती. माझं वय ३१, पाळी नियमित, शुगर नाही, थायरॉइड नाही. "मग का?" हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण ताटावर बसलं की तो असायचाच.

दुसऱ्या वेळेनंतर कुणीतरी सुचवलं म्हणून टॉर्च, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी केली होती. त्यात टोक्सोप्लाझ्मा या जंतूविरुद्धची आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह. लॅबच्या काउंटरवरच मला सांगितलं गेलं, "हे मांजरामुळे होतं." दुसऱ्याच दिवशी भुरीला पिशवीत घालून आईकडे विट्याला नेऊन सोडलं. आठ वर्षं उशाशी झोपलेलं जनावर. एसटीत ती सगळी वाट ओरडत होती आणि मला वाटत होतं, मीच हिच्या लाडापायी माझं बाळ घालवलं.

तिसऱ्यांदा झाल्यावर मात्र आम्ही कराडहून पुण्याला गेलो. तिथल्या मॅडमनी फाईल शेवटपर्यंत वाचली. आयजीजी म्हणजे जुना, होऊन गेलेला संसर्ग. ताज्या संसर्गात दिसणारी आयजीएम निगेटिव्ह आहे, म्हणजे आत्ता काही नाही. रुबेलाची आयजीजी पॉझिटिव्ह आहे हे तर चांगलंच, तेवढं संरक्षण आहे. "वारंवार गर्भपातासाठी टॉर्च करायचीच नसते. मांजर परत आणा," म्हणाल्या. त्या रविवारी भुरी घरी आली.

मग त्यांनी विचारलं, क्युरेटिंग झाल्यावर गर्भाच्या काढलेल्या अंशाची गुणसूत्रं तपासली का? नव्हती तपासली. तो फॉर्मलिनमध्ये टाकला होता आणि फॉर्मलिनमध्ये पेशी वाढवता येत नाहीत, तो सलाइनमध्ये पाठवावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांचीच गडबड असते. म्हणजे मी माझ्या रक्तात जे शोधत फिरत होते, त्याचं उत्तर कदाचित त्या बाटलीत होतं. ही एक गोष्ट मला आजही सलते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी भूल द्यायच्या आधीच विचारून ठेवा, अंश कशात ठेवणार म्हणून.

त्यांनी लिहिलेल्या तपासण्या थोड्याच होत्या. थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी, आम्हा दोघांची कॅरियोटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आणि रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या तीन. माझ्या यादीतल्या प्रतिकारशक्तीच्या एनके पेशी आणि एमटीएचएफआर जनुक या तपासण्या खोडल्या. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याच्या उपचाराबद्दलही मी ऐकून आले होते, तोही नको म्हणाल्या. "ज्या रिपोर्टने उपचार बदलणार नाही, तो करून काय करायचं?"

रक्त द्यायला आम्ही दोघं शेजारी बसलो. आजवर फक्त माझाच दंड पुढे झाला होता. हिरव्या झाकणाच्या नळीत त्याचं रक्त भरताना पाहून मला भरून आलं. निळ्या झाकणाच्या नळीवर बारीक रेघ असते, रक्त बरोबर तिथपर्यंतच हवं. ताईंनी ती भरून हळूच तीन-चारदा उलटीपालटी केली. ती अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्हींपैकी एका, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी. त्या तपासणीत घोणसाचं विष अगदी पातळ करून रक्तद्रवात घालतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. आमच्या उसाच्या फडात ज्याच्या भीतीने टॉर्च घेऊन जातात, तोच घोणस!

कॅरियोटाइप तीन आठवड्यांनी आली, दोघांचीही नॉर्मल. ल्युपस निगेटिव्ह. पण त्या तिन्हींतली दुसरी, अँटिकार्डिओलिपिन आयजीएम, किंचित वर. मला तर आनंदच झाला, सापडलं एकदाचं! गावातल्या एका डॉक्टरांनी लगेच रक्ताची गुठळी रोखणारं हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू करायची तयारी दाखवली. मॅडम नाही म्हणाल्या. तापानेही ही अँटिबॉडी तात्पुरती वाढते, आणि मला रक्त देण्याआधीच्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. बारा आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तरच अँटिफॉस्फोलिपिडचा आजार धरायचा. तो असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा खरंच उपयोग होतो. नसेल तर नऊ महिने पोटात सुया कशाला?

त्या बारा आठवड्यांत गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं येऊन गेलं. जूनमध्ये पतसंस्थेत मी तीनच दिवसांत कामावर रुजू झाले होते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

नोव्हेंबरात दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी रडले. नाव मिळालं असतं तर औषधही मिळालं असतं असं वाटत होतं. मॅडमनी रडू दिलं. मग म्हणाल्या, सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे मूल होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रिझम चाचणीबद्दल त्यांनी सांगितलं. सुरुवातीला रक्त जाऊ लागलेल्या चार हजारांवर बायकांना प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन किंवा नुसती नकली गोळी दिली होती. आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत प्रोजेस्टेरॉनवर ७२ टक्क्यांना जिवंत मूल झालं, नकली गोळीवर ५७ टक्क्यांना. माझ्या फाईलवर त्यांनी लिहून दिलं: रक्त दिसलं तर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि लगेच फोन.

आज पाळी चुकून पाच दिवस झालेत. फोलिक अ‍ॅसिड चालू आहे. घरात फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे. काल सकाळी बीटा एचसीजी या गरोदरपणाच्या हार्मोनच्या तपासणीसाठी रक्त दिलं, उद्या साडेसातला अठ्ठेचाळीस तासांनंतरचं द्यायचंय. आकडा किती वाढतो ते त्यावरून कळेल. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.