अंकुशी रुपया: दशकाचा आकडा अजून अडलेलाच

पहिल्याशी ताडून बघायला मागवलेला दुसरा अंकुशी (अंकुशाची खूण असलेला चांदीचा जुना रुपया) काल कुरिअरनं आला आणि दीड महिन्याची आखणी कोलमडली. सोबत चिठ्ठी होती: ‘पाठवताना स्वच्छ करून दिलंय.’ पुडी उघडली तर नाणं आरशासारखं लखलखीत. भांडी घासायच्या पावडरीनं घासलेलं असणार. लूपखाली, म्हणजे नाणी बघायच्या भिंगाखाली, एकाच दिशेचे बारीक ओरखडे, अक्षरांचे माथे सपाट, आणि सनाच्या आकड्यातला जो दात बघायला मी पैसे मोजले तो दातच झिजून गेलेला. विक्रेत्यानं हे चांगल्या मनानं केलं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. दोनशे वर्षांत चढलेली काळी झाक दहा मिनिटांत गेली, आणि ती परत आणता येत नाही.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिलं नाणं पुण्याच्या टांकसाळीचं, ११.०८ ग्रॅम. अंकुश स्वच्छ, टांकसाळीच्या ‘मुहियाबाद उर्फ पूना’ या नावातला ‘पूना’ बऱ्यापैकी वाचता येतो, ‘जुलूस मैमनत मानूस’ हा राज्यारोहणाचा ठरावीक फारसी मजकूर अर्धामुर्धा. फसली सनाचे (महसुलाच्या जुन्या कालगणनेचे) पहिले दोन आकडे १२, शेवटचा ७. मधल्या, म्हणजे दशकाच्या आकड्यावर सराफाचा ठसा बसलाय. फारसी दोन आणि तीन यांत फरक फक्त माथ्यावरच्या एका दाताचा. एक दात दिसतो. दुसरा आहे की नाही, ते सगळं त्या ठशाच्या खड्ड्यात.

या एका दातावर इतका जीव का टाकायचा, तर १२२७ असेल तर त्यात ५९० मिळवून १८१७ येतं, म्हणजे मृगापासून सुरू होणारं ते वर्ष जून १८१७ ते जून १८१८. पेशवाईचं शेवटचं वर्ष. १२३७ असेल तर १८२७, कंपनी सरकारचं नाणं. १८१८ नंतरही इंग्रजांनी पुण्याच्या टांकसाळीत अंकुशीच पाडला, त्याच धाटणीचा, तोच बादशाह शाह आलम नावापुरता. चांदी तीच, वजन तेच, जुनेपणात दहा वर्षांचा फरक. तरी संग्राहक पहिल्याला जी किंमत देईल ती दुसऱ्याला देणार नाही. जुन्या चांदीच्या नाण्याची किंमत कशानं ठरते असं नवीन लोक विचारतात तेव्हा मी हेच दाखवतो: त्यावर काय वाचता येतं. आपल्याकडचे हे रुपये ज्या ठशानं पाडत तो नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा एखादा तुकडाच उतरतो. टांकसाळीचं नाव आणि सन दोन्ही चकतीवर आले, तर झिजलेलं नाणंसुद्धा ठसठशीत, देखण्या पण बिनसनाच्या नाण्याला मागे टाकतं.

सराफी ठशांबद्दल माझं मत इथल्या बऱ्याच जणांशी जुळत नाही. बाजारात ठसा दिसला की भाव पाडतात. पण पेशवाईत टांकसाळी खाजगी सोनारांकडेही असायच्या, कस कमी-जास्त व्हायचा, आणि बट्टा (कसाप्रमाणे किमतीतली घट) किती लावायचा ते सराफ बघायचा. त्यानं तपासून मारलेली खूण म्हणजे हे नाणं खरोखर बाजारात फिरल्याचा दाखला. कडी लावून माळेत ओवलेलं नाणं वेगळं, कडीचा डाक (झाळ) काढताना त्याची किनार कायमची जाते. दोघांना एकाच मापानं मोजू नये.

आता उजेडाचं. लूपला लावलेल्या गोल एलईडीनं काहीच साधलं नाही, समोरून उजेड पडला की खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात. साधा टॉर्च टेबलाला टेकवून जवळजवळ आडवा धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं, तेव्हा सराफी ठशाच्या डाव्या कडेला केसाएवढी चढण दिसली. ती एकाच कोनात दिसते, अंशभर हललं की गायब. दुसऱ्या दाताचा पाया असू शकतो, किंवा ठसा मारताना वर आलेली चांदी. ‘तीसपट’ असं छापलेले स्वस्त लूप घेऊ नका, कडेला सगळं पसरतं. दहापट, पण चांगल्या काचेचा घ्या.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. विक्रेत्यानं पाठवलेला फोटो नाणं घासण्याआधीचा आहे! मोबाइलवर आला तेव्हा तो लहान होऊन आला, पण मूळ फाइल त्याच्याकडे असेल. आत्ताच निरोप टाकलाय. मूळ फोटो मिळाला तर दोन्ही नाण्यांचे फोटो एकाच मापावर आणून ट्रेसिंग पेपरवर अंकुश आणि ‘पूना’ची वळणं जुळवायची. दोन्ही नाणी पाडणारा ठसा एकच निघाला तर आकडाही तोच. म्हणजे घासलेलं नाणं परत करायचा विचार तूर्त रद्द.

आणखी एक पेच मात्र राहतोच. १२२७ निघालं तरी खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबरला इंग्रजांचं निशाण लागलं. नाणं त्याआधीचं की नंतरचं, हे सन सांगणार नाही. तरीही मला तो आकडा हवाय.

एका मित्रानं नाणं परदेशी पाठवून ग्रेडिंग, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायचं सुचवलं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे असं बाहेर पाठवता येत नाही, तो विषय संपला.

मधल्या काळातला आनंद: दोन दुबार नाणी देऊन एक चांदोरी रुपया घेतला. ‘जाफराबाद उर्फ चांदोर’, दोन्ही शब्द चकतीवर, एकही अक्षर किनारीबाहेर नाही. काळी झाक शाबूत. तो बिनपीव्हीसीच्या फ्लिपमध्ये (नाणी ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात) ठेवलाय. जुन्या फ्लिपमधल्या तीन नाण्यांवर हिरवट चिकट थर धरला होता, तो ॲसिटोननं निघाला, चोळावं लागलं नाही.

तुमच्या डब्यात शेवटचा आकडा ७ असलेला पुण्याचा अंकुशी असेल तर टॉर्च आडवा धरून किनारीजवळचा फोटो काढा आणि वजन लिहून पाठवा. नाणं मात्र पुसू नका, साध्या कापडानंही नाही.