सीटीचे प्रोटोकॉल तपासताना

ई-लोरावरचा (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरचा) परवाना, मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा क्यूए रिपोर्ट, अंगावरचा टीएलडी बॅज हे सगळं जागेवर असूनही सीटी स्कॅनमध्ये पेशंटला किरणांचा जादा डोस जाऊ शकतो. बॅज आपला, म्हणजे कर्मचाऱ्यांचा डोस मोजतो, पेशंटचा नव्हे. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही कर्मचाऱ्यांची मर्यादा टेक्निशियनना पाठ असते. पण पिच (ट्यूबच्या एका फेरीत टेबल किती सरकतं ते, बीमच्या रुंदीच्या तुलनेत) वाढवली की डोस कमी होतो का, यावर फोंड्यातल्या आमच्या सेंटरवर उत्तरं वेगवेगळी आली. म्हणून प्रोटोकॉल, म्हणजे प्रत्येक स्कॅनच्या ठरलेल्या सेटिंग, एकेक करून तपासायला घेतले.

सुरुवात डोस रिपोर्टपासून केली. प्रत्येक स्कॅनचे सीटीडीआय (मशीनच्या डोसची तीव्रता) आणि डीएलपी (ती तीव्रता गुणिले स्कॅनची लांबी) वहीत उतरवले, शेजारी पेशंटचं वजन. सीटीडीआय १० मिलिग्रे, लांबी ४० सेंटिमीटर, तर डीएलपी ४००. पोटाच्या स्कॅनला ५ सेंटिमीटर उगाच जादा घेतले की त्यात ५० ची भर पडते. लहान मुलांचे आकडे वाचताना फँटम (डोस मोजायचा प्लास्टिकचा नमुना) कुठला ते आधी बघावं; १६ सेंटिमीटरच्या फँटमवरचा आकडा ३२ वाल्याच्या साधारण दुप्पट येतो.

सगळ्यात जास्त गडबड सेंटरिंगमध्ये, म्हणजे पेशंटला मशीनच्या मध्यावर ठेवण्यात सापडली. टेबल वर राहिलं आणि स्काउट (स्कॅनआधीची आखणीची इमेज) घेताना एक्स-रे ट्यूबही वर असली, तर पेशंट ट्यूबच्या जवळ येतो आणि स्काउटमध्ये आहे त्याहून जाड दिसतो. ऑटो एमए, म्हणजे ट्यूबचा करंट आपोआप ठरवणारी सोय, त्या जाडीवर विश्वास ठेवून करंट वाढवतं. टेबल खाली गेलं तर उलट: करंट कमी पडतो, इमेज दाणेदार येते आणि स्कॅन पुन्हा करायची पाळी येते. लेझरची आडवी रेघ छातीवर नव्हे, धडाच्या जाडीच्या मध्यावर हवी. हात डोक्यावर घ्यायला लावणंही याच कामाचा भाग. हात अंगालगत राहिले तर मशीन त्यांचीही जाडी धरतं.

पिचचं उत्तर मशीनवर अवलंबून आहे. इफेक्टिव्ह एमएएस (करंट गुणिले वेळ, भागिले पिच) स्थिर ठेवणाऱ्या मशीनवर पिच वाढवली की एमए, म्हणजे करंट आपोआप चढतो, डोस जवळपास तेवढाच राहतो. केव्हीचं, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजचं तसं नाही. कॉन्ट्रास्ट स्कॅनला सडपातळ पेशंटसाठी १२० वरून १०० वर आलं की आयोडीन जास्त उजळ दिसतं, त्यामुळे थोडा नॉइज (इमेजचा दाणेदारपणा) चालतो. जाड पेशंटच्या प्लेन (कॉन्ट्रास्टशिवायच्या) स्कॅनला हा बदल करू नये.

श्वास रोखण्याची सूचना मशीन इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतं. वयस्क पेशंटला ती टेबलावर घेण्याआधीच कोकणीत समजावून एकदा सराव करून घ्यावा. हललेला स्कॅन म्हणजे दुसऱ्यांदा डोस. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायच्या पेशंटसोबत पूर्ण इमेजची सीडी द्यावी, नुसता रिपोर्ट नको, नाहीतर तिथे स्कॅन पुन्हा होऊ शकतो.

एका वेळी एकच सेटिंग बदलावी, जुना प्रोटोकॉल तारखेसह जपून ठेवावा, आणि रेडिओलॉजिस्टने सुरुवातीच्या इमेज पाहून मान्य केल्याशिवाय नवा प्रोटोकॉल रोजच्या वापरात आणू नये.